गाडी उभी असताना करंट कोण खातंय?

सोमवारची सकाळ. चावी फिरवली, डॅशबोर्डचे लाइट मिणमिणले, आतून नुसता कट कट कट आवाज आला आणि गाडी गप्प. शुक्रवारी संध्याकाळी हीच गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली होती.

बरं, बॅटरी जुनी म्हणावी तर तीही नाही, चारच महिने झालेत टाकून, आणि आधीची बदलली तेव्हाही तक्रार अगदी हीच होती. रोज चालवली की काही त्रास नाही, दोन दिवस उभी राहिली की उतरलीच. आता इथे वैतागून तिसरी बॅटरी आणणारे भरपूर आहेत, पण बॅटरीला दोष द्यायच्या आधी एकदा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर) लावून बघा, कारण कितीतरी वेळा बॅटरी चांगलीच असते, तिच्यातलं कुणीतरी खात असतं.

आधी साधी तपासणी. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज केली, काही तास तशीच ठेवली आणि मग व्होल्टेज बघितलं, १२.६२. म्हणजे फुल. १२.२ च्या आसपास असती तर निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका हां, तेव्हा आकडा फुगलेला येतो. मग इंजिन चालू केलं, मीटर १४.२ वर गेला, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा जनरेटर) चार्जिंग करतोय. टर्मिनल घट्ट आहेत, पांढरी हिरवी पावडरही जमलेली नाही. मग चार्ज जातो कुठे?

आता खरं काम. मीटर अँपिअरवर, लाल वायर १० अँपच्या सॉकेटमध्ये, आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाणार. अशा जोडणीत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, स्टार्टर शंभर अँपच्या वर खेचतो, मीटरचा फ्यूज लगेच उडेल. दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा, गाडीला वाटलं पाहिजे की दार लागलंय. बोनेटला स्विच असेल तर त्याचंही तेच.

मीटर दाखवतोय ३ अँप. घाबरून जाऊ नका आणि लगेच फ्यूजही उपटायला लागू नका. गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, अजून जागे आहेत, एकेक करून झोपतात, कुठल्या गाडीत दहा मिनिटं लागतात, कुठल्या गाडीत अर्ध्या तासापेक्षाही जास्त. थांबायचं. आणि बिनकिल्लीची गाडी असेल तर चावी लांब ठेवायची, नाहीतर गाडी परत जागी होते.

पंचवीस मिनिटांनी आकडा स्थिर झाला. ४४० मिलीअँप, म्हणजे ०.४४ अँप.

घड्याळ, अलार्म, लॉकची मेमरी यांना थोडा करंट लागतोच, साधारण ५० मिलीअँपच्या आत असेल तर चिंता नाही. इथे जवळजवळ नऊपट आहे. ४५ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे साठ तास, ०.४४ गुणिले ६० म्हणजे २६ अँपिअर-अवर गेले, निम्म्याहून जास्त, मग सेल्फ कुठून लागणार. आणि रोजच्या एका रात्रीत जातात जेमतेम चार-साडेचार, ते दिवसभर चालवल्यावर भरून निघतात, म्हणूनच मधल्या वारी कधी काही कळलं नाही.

फ्यूज काढून बघायची जुनी पद्धत चालते, पण काढला-लावला की झोपलेले युनिट परत जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास बसा. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा, त्याच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, मीटर मिलीव्होल्टवर घेऊन दोन्ही प्रोब तिथे टेकवा. शून्य आलं तर त्या सर्किटमध्ये करंट नाही. शून्य, शून्य, ०.१, शून्य... आणि केबिन लाइटच्या फ्यूजवर ३ मिलीव्होल्ट.

पण केबिनमधला दिवा तर बंद आहे! याच फ्यूजवर अजून काय काय आहे ते झाकणाच्या मागच्या चार्टवर बघितलं, डिक्कीचा दिवा, आरशाचा दिवा, ग्लोव्ह बॉक्सचा दिवा. पहिले दोन विझलेले. ग्लोव्ह बॉक्स बंद असताना आत काय चाललंय ते दिसणार कसं? मोबाइल व्हिडिओ रेकॉर्डिंगवर टाकला, आत ठेवला आणि झाकण लावलं.

व्हिडिओत झाकण लागतं, आणि दिवा तसाच चालू राहतो. स्विच दाबणारा झाकणाचा प्लॅस्टिकचा खुंट झिजलाय, झाकण लागतं पण स्विच पूर्ण दाबला जात नाही, मिलिमीटरभर जागा राहते. ५ वॅटचा बल्ब, म्हणजे साधारण ०.४ अँप, चोवीस तास.

सगळीकडे बल्बच निघेल असं नाही. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, चिकटलेला रिले (करंटवर चालणारा स्विच), नाहीतर अल्टरनेटरचा खराब डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), आणि तो डायोड तर बऱ्याचदा नजरेतून सुटून जातो कारण चार्जिंग वरवर ठीकच दिसतं. शोधायची पद्धत मात्र बदलत नाही.

बल्ब काढला, परत वाट बघितली. २८ मिलीअँप. बॅटरी रात्रभर चार्जरवर लावली, कारण अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर तिच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची कमी होते. खुंटावर रबराचा एक तुकडा चिकटवला, बल्ब परत बसवला, मोबाइल पुन्हा आत ठेवला, झाकण लावलं. या वेळी व्हिडिओत झाकण लागलं आणि पुढे नुसता अंधार.