मॉस्कोचं भय, मॉस्कोची भूक

मंडळी, रशिया जगातला सर्वांत मोठा देश. एका टोकाला लोक झोपायला जातात तेव्हा दुसऱ्या टोकाला उजाडलेलं असतं. एवढ्या अवाढव्य देशाला भीती कसली?

मॉस्कोत उभं राहून पश्चिमेकडे बघा. पार पोलंडपर्यंत एकही डोंगर आडवा येत नाही. बाल्टिक समुद्र आणि कार्पेथियन पर्वत यांच्यामध्ये, म्हणजे पोलंडात, हे मैदान त्यातल्या त्यात चिंचोळं. पूर्वेकडे यावं तसं ते रुंदावत जातं. आक्रमक मोजक्या वाटेनं निघणार आणि तुम्ही पहारा ठेवायचा तो अख्ख्या मैदानावर! १६१० मध्ये पोलिश फौज क्रेमलिनमध्ये जाऊन बसली होती, हे आज आपल्याला आठवतही नाही, रशियनांना आठवतं. मग स्वीडनचा बारावा चार्ल्स, १८१२ मध्ये नेपोलियन, १९४१ मध्ये हिटलर. तेव्हा ही भीती खोटी नाही, हे आधी मान्य करून टाकू.

पण मोकळं मैदान दोघांनाही मोकळंच असतं. रशियाचा झार इव्हान द टेरिबलनं १५५२ मध्ये कझान घेतलं, चार वर्षांनी आस्त्राखान; दोन्ही मंगोल साम्राज्याच्या अवशेषांतून उरलेली राज्यं. मंगोलांनी जे भोगायला लावलं ते पाहता एवढं समजण्यासारखं आहे. पुढं १६३९ मध्ये कोसॅक, म्हणजे झारच्या चाकरीतले लढवय्ये, थेट ओखोत्स्कच्या समुद्राला, म्हणजे पॅसिफिकच्या किनाऱ्याला भिडले. आता मला सांगा, तिथून मॉस्कोवर कोण चालून येणार होतं? तिथं होती सेबल या मुंगसासारख्या प्राण्याची केसाळ कातडी, त्या काळातली सोन्याच्या तोलाची वस्तू. भीतीच्या नावाखाली भूकही कशी खपून जाते ते इथं दिसतं.

आता समुद्राचं बघू, कारण रशियाचं खरं दुखणं तिथं आहे. किनारा भरपूर, पण बराचसा हिवाळ्यात गोठणारा. ओब, येनिसेई, लेना या प्रचंड नद्या वाहतात त्याही उत्तरेकडे, बर्फाळ समुद्रात. काळ्या समुद्राचं पाणी त्यामानानं उबदार; म्हणून तर सम्राज्ञी कॅथरीननं १७८३ मध्ये क्रिमिया हे त्या समुद्रातलं द्वीपकल्प घेतलं आणि सेव्हास्तोपोल वसवलं. मात्र तिथून बाहेर पडायचं दार, बॉस्फरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुनी, तुर्कांच्या हातात.

त्याची किंमत १९०४ मध्ये कळली. जपानशी युद्ध पेटलं, पण करारांमुळे सामुद्रधुनी युद्धनौकांना बंद, त्यामुळे काळ्या समुद्रातलं आरमार जागीच अडकलं. मग बाल्टिकचं आरमार निघालं. अॅडमिरल रोझेस्त्वेन्स्कींच्या माणसांनी उत्तर समुद्रातच ब्रिटिश मच्छीमारांच्या बोटींना जपानी टॉर्पेडो बोटी समजून गोळे डागले. जपानी बोटी, उत्तर समुद्रात! मोठ्या नौकांनी आफ्रिकेला वळसा घातला. त्या मादागास्करला असतानाच चीनच्या किनाऱ्यावरच्या ज्या पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळाच्या मदतीला जायचं होतं तो पडल्याची खबर आली. तरी पुढं गेले, आणि मे १९०५ मध्ये सुशिमाजवळ जपान्यांनी त्या आरमाराची दोन दिवसांत धूळधाण केली.

गंमत अशी की २०२२ मध्येही तेच दार आड आलं, फक्त उलट्या बाजूनं. १९३६ च्या माँट्रो करारानुसार तुर्कस्ताननं युद्धरत देशांच्या नौकांना वाट बंद केली. एप्रिलमध्ये ‘मोस्क्वा’ ही काळ्या समुद्रातली प्रमुख युद्धनौका बुडाली, तेव्हा तिच्या जागी दुसऱ्या ताफ्यातली नौका आणता येईना. क्रिमिया ताब्यात होता, सेव्हास्तोपोल ताब्यात होतं, तरी दाराची किल्ली काही हाताला लागली नव्हती.

यावर कुणी म्हणेल, भूगोलानं रशियाला दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. मला हे पटत नाही. याच रशियानं १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकून टाकला. राखता येणार नाही, मग विकलेला बरा, असा साधा व्यवहार. भूगोल समोर होताच; त्यातून काय करायचं ते झारनं ठरवलं.

फिनलंडचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. १९३९ मध्ये लेनिनग्राडपासून, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गपासून, फिनलंडची सरहद्द जेमतेम ३२ किलोमीटरवर होती. स्टॅलिननं फिन्निश शिष्टमंडळाला ऐकवलं की शहर काही हलवता येत नाही, तेव्हा सरहद्दच हलवावी लागेल. त्यांनी नकार दिला, तसं नोव्हेंबरअखेरीस युद्ध सुरू झालं. मार्च १९४० मध्ये सरहद्द हलली खरी, पण हजारो सैनिक गमावून. सव्वा वर्षात दुखावलेला फिनलंड हिटलरच्या बाजूनं युद्धात उतरला. जी भीती टाळण्यासाठी हा खटाटोप केला, तीच त्यातून उभी राहिली.

महायुद्धानंतर फिनलंड दशकानुदशकं तटस्थ राहिला. मॉस्कोला याहून निर्धोक शेजारी मिळाला नसता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये तोच फिनलंड नाटोत गेला. सुमारे १३४० किलोमीटरची सीमा एका दिवसात नाटोची सीमा झाली. पुढच्याच वर्षी मॉस्कोनं लेनिनग्राड लष्करी विभाग पुन्हा स्थापन केला.