बंबाला गारवा नको, जवानांना हवा

(दृश्य: बडोद्याचा दांडिया बाजार, एप्रिलची दुपार)

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन जवानांना मानवंदना दिली जाते. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि आग विझवता विझवता कितीतरी जवान गेले. त्यांची ही आठवण. पण याच दिवसांत बडोद्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि तापलेल्या स्लॅबखाली झोपून उठलेल्या माणसाला वर्दी येताच आगीत शिरायचं असतं. त्याला आधी थंड खोली द्या. बडोदा जिल्ह्यातल्या पादरा, डभोई, सावली अशा गावांसाठी अग्निशमन केंद्राचा विचार करताना मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य: केंद्राचा नकाशा)

एसी किती टनांचा, हा प्रश्न शेवटी येऊ द्या. बंबांचं दालन पश्चिमेला घ्या आणि बराक त्याच्या आडोशाला, पूर्वेला. दुपारचं ऊन दालन झेलेल. लोखंडाच्या गाडीला गारवा लागत नाही. दालनाला समोरासमोर जाळीची दारं आणि छतालगत झरोके असले, की वारा आरपार जातो, बंब सुरू करतानाचा डिझेलचा धूरही साचत नाही. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करा. आपल्याकडे हे काम करणारे कारागीर गावोगावी आहेत.

(दृश्य: ओला होज पाइप वर ओढणारे जवान)

आता होज सुकवायचा मनोरा. हा मला या इमारतीचा प्राण वाटतो. ६३ मिलीमीटर व्यासाचा, १५ मीटर लांबीचा पाइप आगीवरून काजळी आणि चिखल घेऊन परत येतो. तो धुऊन, मधोमध दुमडून उंच टांगायचा. ओलाच गुंडाळला तर बुरशी धरते. मनोऱ्याला खाली जाळी आणि वर झडपा ठेवल्या, की आतली तापलेली हवा वर चढून निघून जाते आणि खालून कोरडी हवा ओढली जाते. पाइप विजेशिवाय सुकतात. रात्री बराकीच्या बाजूची झडप उघडली, तर हाच मनोरा खोल्यांतली ऊबही बाहेर टाकतो. एका बांधकामात दोन कामं!

जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा पंखा तिशीत भागवतो. केंद्र चोवीस तास जागं, त्यामुळे हा फरक रोजचा.

(दृश्य: गच्चीवरचे सोलर पॅनेल)

एवढं झाल्यावर सोलर. १० किलोवॅटला साधारण १०० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४० युनिट मिळतात. सोबत बॅटऱ्या हव्यातच. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं, कित्येक भागांत वीज गेली, आणि नेमकी तेव्हाच बचावाची हाक येत होती. म्हणून बॅटऱ्या वरच्या मजल्यावर ठेवा. वायरलेस, फोन, बंबाच्या बॅटरीचा चार्जर आणि दाराची मोटर त्यांच्यावर चालवा. आणि मोटरही बंद पडली तर दार हाताने उघडता यावं, म्हणून साखळी बसवा.