शांघायचं दूध आणि आपल्या घरचा रतीब

(दृश्य : गुहागर तालुका, पाऊस, कौलारू घराची पडवी)

२००८ साली ३ सप्टेंबरला गणपती बसले आणि १४ ला अनंत चतुर्दशी होती. कोकणातला माणूस या दिवसांत घरी येतोच, आणि ज्याला येता येत नाही तो जिथे असेल तिथे बसवतो, तसे शांघायमध्ये पण नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांनी बसवले होते. त्यांचं विसर्जन व्हायच्या आधीच, ११ सप्टेंबरला, बातमी फुटली. सानलू नावाच्या मोठ्या चिनी कंपनीच्या बेबी पावडरीत मेलामाइन सापडलं होतं आणि ती पावडर पिणाऱ्या बाळांना मुतखडे होत होते. काही महिन्यांच्या बाळांना मुतखडे!

या ताई तेव्हा शांघायमध्ये होत्या. नवऱ्याची कंपनीत नोकरी, लेक दीड वर्षाची, आता सगळे गावी परत आलेत. त्या सांगतात, "पहिले काही दिवस आम्ही बिनधास्त होतो, कारण आपली मुलगी पावडर पीत नाही, ती पाकिटातलं दूध पिते. रोज त्याच दुधाचं पंचामृत करत होते मी, आणि पहिला चमचा तिलाच."

१६ तारखेला सरकारने २२ कंपन्यांची नावं जाहीर केली. आणि मग दोन-तीन दिवसांतच कळलं की प्रश्न फक्त पावडरीचा नाहीये, मेंगन्यू, यीली, ब्राइट या देशातल्या सगळ्यात मोठ्या डेअऱ्यांच्या साध्या दुधाच्या काही सॅम्पलमध्ये पण तेच निघालंय. म्हणजे ताईंच्या फ्रिजमधलं दूध पण त्यातच आलं.

(दृश्य : दूध संकलन केंद्र, कॅन, फॅटचं मशीन)

आता हे मेलामाइन दुधात गेलंच कसं ते नीट समजून घेऊया, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. मेलामाइन म्हणजे ज्याच्या न फुटणाऱ्या प्लेटी मिळतात ना, ते बनवायचं केमिकल, त्याच्या वजनात ६६ टक्के नायट्रोजन असतो. तिथे शेतकऱ्याकडून दूध गोळा करणारे मधले लोक होते, ते दूध कंपनीला विकायचे आणि कंपनी प्रोटीन बघून माल घ्यायची. पण नेहमीच्या टेस्टमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीनचा हिशोब लावतात. मग काय, दुधात पाणी घालायचं, पाण्यामुळे प्रोटीन कमी दिसतं म्हणून वरून मेलामाइन टाकायचं, मशीन म्हणतं प्रोटीन बरोबर आहे, टँकर आत. कोणाला विष घालायचं नव्हतं, फक्त आकडा जमवायचा होता, आणि मला तरी हेच जास्त भीतीदायक वाटतं.

सरकारी आकड्यानुसार ६ बाळं गेली आणि जवळपास ३ लाख मुलं आजारी पडली. कंपनीकडे तक्रारी २००७ च्या डिसेंबरपासून येत होत्या, ऑगस्ट २००८ च्या सुरुवातीला तर कंपनीला पक्कं कळलं होतं, त्याच महिन्यात बीजिंगला ऑलिंपिक होतं, आणि लोकांना सांगितलं सप्टेंबरात. मधल्या त्या सगळ्या दिवसांत आया बाटल्या भरत होत्या. पुढे खटले झाले, दोघांना मृत्युदंड झाला, कंपनीच्या प्रमुख बाईंना जन्मठेप, कंपनी बुडाली, पण बाटलीतून जे पोटात गेलं ते गेलंच.

मग परदेशी माणसांनी दूध शोधलं कुठे?

ताईंच्या बिल्डिंगमध्ये मराठी, गुजराती, कोरियन, जर्मन सगळे होते आणि आयांचं एक वेगळंच नेटवर्क तयार झालं. कुठल्या दुकानात ऑस्ट्रेलियाचं दूध आलंय, कुठे न्यूझीलंडचं, कोणाचा नवरा हाँगकाँगला चाललाय आणि तो किती डबे आणू शकतो. परदेशी मालाच्या दुकानात टेट्रापॅकचे रॅक सकाळीच रिकामे व्हायचे. अफवा पण जोरात होत्या, ६९ ने सुरू होणारा बारकोड म्हणजे चायनाचा माल, तो घेऊ नका, असं सगळे एकमेकांना सांगायचे. पण बारकोडच्या पहिल्या आकड्यांवरून फक्त कंपनीने नंबर कुठल्या देशात घेतला ते कळतं, माल कुठे बनला ते नाही. आणि परदेशी ब्रँड म्हणजे परदेशी दूध असंही नाही, कॅडबरीला बीजिंगच्या फॅक्टरीतली ११ उत्पादनं परत घ्यावी लागली होती.

"मी दुकानात पाकीट उलटं करून मागचं स्टिकर बघायचे," ताई सांगतात, "बाहेरून आलेल्या मालावर चिनी भाषेतलं स्टिकर असतं, त्यात मूळ देश आणि तारीख असते. मला चिनी वाचता येत नव्हतं, पण दुकानातल्या मुलीकडून तेवढी अक्षरं कागदावर काढून घेतली आणि तो कागद पर्समध्ये ठेवला. ब्रँडचं नाव बघणं मी बंदच केलं."

(ताईंनी तो कागद ठेवलाय अजून, घडीवर फाटलेला, बॉलपेनने काढलेली चार-पाच अक्षरं आणि बाजूला मराठीत 'देश', 'तारीख'.)

गावाहून त्यांच्या आईचा रोज फोन. "अगो, दूध नाही तर पेज घाल तिला, नाचणी घाल, तुम्ही काय दुधावर वाढलात काय?" आणि खरंच, मुंबईहून येणाऱ्या एकाच्या बॅगेतून नाचणीचं पीठ आलं, सोबत भारतातल्या दूध पावडरीचे डबे पण. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, त्यामुळे आजीचं काही चुकत नव्हतं, फक्त मूल खातं-पितं होतं म्हणून ते जमलं, दोन-चार महिन्यांच्या बाळाला पेजेवर ठेवता येत नाही हे लक्षात घ्या. खीर नारळाच्या रसात व्हायला लागली आणि मोठ्यांचा चहा कोरा.

दाभोळच्या एका काकांनी पण तेव्हाची आठवण सांगितली, ते मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. चीनच्या बंदरात भाजी, अंडी घ्यायचे, पण दूध-पावडर काही चढवायची नाही अशी कॅप्टनची ऑर्डर होती, सगळं सिंगापूरला भरून घ्यायचे. बोटीवर ४० दिवस पावडरीचाच चहा, त्यामुळे डबा कुठला हे त्यांना विचारावंच लागायचं.

पण ताईंना जे सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू गावाला होता आणि तो सानलूच पीत होता, कारण ती स्वस्त होती आणि टीव्हीवर दिसायची. तपासणी, उपचार सरकारने फुकट केले होते पण हॉस्पिटलबाहेर सोनोग्राफीसाठी लाइनी लागलेल्या. "आमच्याकडे पैसे होते, पासपोर्ट होता, कोणी ना कोणी बॅगेतून आणून देणारं होतं. मावशींनी काय करायचं? मी ऑस्ट्रेलियाचे चार पॅक दिले त्यांना, पण चार पॅकने काय होतं?" नातू वाचला, खडा लहान होता, औषधपाण्याने गेला.

(दृश्य : आंबा घाट, पहाटे, उतरणारे दुधाचे टेम्पो)

भारताने २४ सप्टेंबर २००८ ला चीनच्या दुधावर आणि दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली आणि ती पुढे वाढवतच नेली. त्यामुळे ते दूध आपल्याकडे येत नाही. पण आपल्याकडे येतं कुठून? कोकणात दूध कमी, आपली कोकण कपिला छोटी गाय, डोंगरात चढायला उत्तम पण दूध थोडंच देते. गवळी-धनगरांच्या म्हशी आहेत, बाकी पिशवी येते घाटावरून, कोल्हापूरकडून.

आणि आपल्याकडे भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर, एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे उरतं ते. ज्याचे पैसे मिळतात तेच खोटं केलं जातं, चीनमध्ये प्रोटीन होतं म्हणून मेलामाइन, इथे फॅट म्हणून तेल आणि एसएनएफ म्हणून साखर, ग्लुकोज, युरिया. तरी घाबरवायचं नाहीये मला. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नाची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ सॅम्पल घेतले, त्यात जाणूनबुजून भेसळ फक्त १२ मध्ये निघाली. जास्त निघालं ते अफ्लाटॉक्सिन एम१, ५.७ टक्के सॅम्पलमध्ये मर्यादेच्या वर. हे विष कोणी टाकत नाही, जनावराच्या खाद्याला बुरशी लागली की त्यातून दुधात उतरतं, आणि दूध कितीही उकळा, जात नाही. आता आपल्या पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पेंडीचं काय होतं ते प्रत्येकाने आठवून बघा.

युरिया घरी बघता येतो. एक चमचा दुधात अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं पीठ घालून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि लाल लिटमस पेपर बुडवायचा, अर्ध्या मिनिटात निळा झाला तर युरिया आहे. मेलामाइन किंवा अफ्लाटॉक्सिन मात्र असं घरात सापडत नाही, त्याला लॅबच लागते, म्हणून शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, सॅम्पल घेणं त्यांचं काम आहे.

ताई आता वरच्या वाडीतल्या गवळीदादांकडून म्हशीच्या दुधाचा रतीब घेतात. लावायच्या आधी गोठा बघायला गेल्या आणि थेट पेंड कुठे ठेवता ते विचारलं. दादांनी पोतं दाखवलं, फळीवर ठेवलेलं, पण भिंतीकडची बाजू ओली, आत हात घातला तर हिरवट गाठी. ताई म्हणाल्या हे नका घालू. दादांनी ऐकलं, पोतं टाकलं, पण जे बोलले ते आम्ही कापलेलं नाही.

"ताई, फॅट लागली तर मला दोन पैसे जास्त मिळतात. पेंड कोरडी ठेवली म्हणून कोण जास्त देतो?"

ताई लिटरमागे पाच रुपये जास्त देतात, आणि खालच्या आळीतली आणखी तीन घरं पण आता तेवढेच देतात. त्या पैशातून दादांनी पेंडीसाठी झाकणाचा पत्र्याचा पिंप घेतलाय.