महिना मोजायचा कसा?

आजच्या भाषणाचा विषय रूल इंजिनमधल्या, म्हणजे लिहून दिलेले नियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, तारखांचा आहे, पण सुरुवात १८८१ पासून करतो. त्या वर्षीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं, म्हणजे चेक बाउन्सच्या कायद्याचं, कलम १३८ सगळ्यांच्या तोंडी असतं. त्याच कायद्याच्या कलम २३ कडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यात उदाहरणं दिलीत. २९ जानेवारी १८७८ ची, एक महिना मुदतीची वचनचिठ्ठी. महिना २८ फेब्रुवारीला भरतो, वर ग्रेसचे ३ दिवस. पुढचं उदाहरण गमतीचं आहे. एक चिठ्ठी ३० ऑगस्टची, एक ३१ ऑगस्टची, मुदत दोन्हींची तीन महिने, आणि दोन्ही ३ डिसेंबरलाच देय! म्हणजे महिने मिळवता येतात, पण वजा करत मागे गेलात तर मूळ तारीख सापडेलच असं नाही. हे टाक-दौतीच्या काळात लिहून ठेवलंय, आणि आपण अजून रूलमध्ये महिना म्हणून ३० दिवस लिहून मोकळे होतो. हसताय, पण घरी जाऊन आपापला कोड उघडा.

माझं गाऱ्हाणं या तिसाबद्दलच आहे. त्याच कायद्यात चेक परत आल्यावर नोटिशीला ३० दिवस, पण पुढे फिर्यादीला एक महिना. शब्द वेगळे, मोजणी वेगळी. उलटी चूकही होते, दिवसांच्या जागी महिने. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकातलं उदाहरण घ्या: ३१ मार्चचा हप्ता थकला, तर ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मेला एसएमए-२ (हे थकबाकीच्या इशाऱ्याचे टप्पे) आणि २९ जूनला एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. नव्वद दिवस. 'अधिक तीन महिने' लिहिणाऱ्याचं खातं ३० जूनला एनपीए होतं, तोवर २९ चा डे-एंड, म्हणजे बँकेचा दिवसअखेरचा हिशेब, होऊन गेलेला असतो.

आयोजकांचा निरोप आला, पाच मिनिटं उरलीत. तर ठरलेला विषय, भराभर.

ड्रूल्स या रूल इंजिनमधलं कॅलेंडर या वेळी रूल चालवायचा की नाही एवढंच सांगतं, दिवस मोजत नाही. ड्रूल्सच्या टाइम विंडोला, म्हणजे 'गेल्या इतक्या वेळातलं' बघणाऱ्या सोयीला, दिवस-तास कळतात, महिना कळत नाही. म्हणून मोजणी रूलबाहेर, एकाच फंक्शनमध्ये ठेवा. त्या फंक्शनला मूळ तारीख, आकडा, एकक, पहिला दिवस धरायचा का आणि सुट्टी आली तर पुढे की मागे, हे सगळं द्या. शेवटचं किरकोळ समजू नका: चेकच्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये सुट्टीला देय होणारी वचनचिठ्ठी आदल्या कामाच्या दिवशी देय होते, तर जनरल क्लॉजेस अॅक्टच्या, म्हणजे इतर कायदे कसे वाचायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम १० मध्ये कचेरी बंद असली तर ती उघडेल त्या दिवशी काम केलं तरी चालतं. सुट्ट्यांचं टेबल राज्यवार हवं.

हप्ता मागच्या हप्त्यावरून काढू नका. ३१ जानेवारी २०२५ अधिक एक महिना, २८ फेब्रुवारी. त्यात आणखी एक, २८ मार्च, आणि मग कायमचा २८ च. मूळ तारखेत दोन महिने मिळवा, ३१ मार्च मिळतो.

रूलच्या पोटात 'आत्ता किती वाजले' विचारू नका. तारीख फॅक्ट म्हणून, म्हणजे रूलला पुरवलेली माहिती म्हणून, बाहेरून द्या, नाहीतर जुनी बॅच परत चालवली की निकाल आजचा येतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत त्याची तारीख कालचीच असते.

अधिक महिन्याचं काय, असं मागून कुणीतरी विचारलं. जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये महिना म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरचा महिना. तेवढा एक तेरावा महिना दुष्काळात वाचला.