गात नसलेला गायक

श्रोतेहो, नमस्कार.

संगीत नाटकाला गेले की मला एक खोड आहे. पद सुरू झालं की सगळं प्रेक्षागृह गाणाऱ्याकडे बघतं. मी मात्र त्याच्या शेजारी गप्प उभ्या असलेल्या नटाकडे बघत बसते. माझी थोरली बहीण बरोबर असली की कोपरानं ढोसते आणि म्हणते, "अगं, गातायत त्या! तू कुठे बघतेस?" कुठे बघते, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

गाणाऱ्याचं बरं असतं. त्याच्या हाताला काम असतं, गळ्याला काम असतं, ऑर्गन आणि तबला त्याच्या पाठीशी उभे असतात. शेजारचा काय करतो? तोही गवईच असतो. समोरच्यानं एक जागा, म्हणजे सुरांची एखादी नक्षी, घेतली की त्याच्या मनात दुसरी चमकून जात असणार, पण तोंड उघडायची सोय नाही. पुन्हा भूमिका सोडायची नाही. रुसलेला असेल तर रुसवा टिकवायचा, मोहलेला असेल तर मोहायचं, तेही पाच-सात मिनिटं. त्यात प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला तर झालंच! नुकता मावळलेला राग पुन्हा पहिल्यापासून चेहऱ्यावर आणायचा. मला तर हे तान घेण्यापेक्षा अवघड वाटतं.

आपल्या संगीत नाटकात दोघांनी मिळून गायचं पद तसं विरळाच. बहुतेक पदं एकट्याची. मग 'एकत्र गाणारे' कुणाला म्हणायचं? याचं उत्तर १८८० साली पुण्यात मिळालं, असं मला वाटतं. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या नाटकात सूत्रधार आणि त्याचे साथीदार गायचे, पात्रं त्या गाण्यावर हालचाल करायची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चा प्रयोग केला, त्यात पद थेट पात्राच्या तोंडी दिलं. शकुंतलेच्या मनातलं शकुंतलाच गाणार. म्हणजे पद हे बोलणंच झालं. आणि एक बोलत असताना दुसऱ्यानं ऐकायचं, हा साधा शिष्टाचार पदालाही लागू झाला. दोन गवई रंगमंचावर एकत्र आहेत याचा आपल्याकडचा अर्थ असा की एक गातोय आणि दुसरा मनापासून ऐकतोय.

या ऐकण्याची सगळ्यात मोठी परीक्षा ८ जुलै १९२१ च्या रात्री झाली. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा प्रयोग, आणि त्यात नायिका भामिनी झाले होते स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व, नि नायक धैर्यधर केशवराव भोसले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन वेगळ्या मंडळ्या, दोघांचे चाहते वेगळे, आणि हे चाहते एकमेकांशी किती प्रेमानं वागत असतील ते सांगायला नको! आजही दोन गायकांचे भक्त एका खोलीत बसवून बघा. म्हणून तर तो प्रयोग 'संयुक्त मानापमान' म्हणून शंभर वर्षं लोकांच्या तोंडी आहे. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पण त्या रात्री लोक आले होते ते या दोघांना समोरासमोर बघायला.

दोन गळे तरी किती वेगळे! बालगंधर्व शब्दाला गोंजारत गाणारे, सूर लावताना त्याच्या कडासुद्धा मऊ ठेवणारे. केशवराव तेजाचे, चढ्या आवाजाचे, दमदार तानेचे. बालगंधर्व तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते आणि १२ मार्च १९११ च्या पहिल्या प्रयोगापासून भामिनी त्यांच्या अंगात मुरलेली होती. केशवराव एकतीस पुरे व्हायचे होते. तेही लहानपणी 'शारदा' नाटकात शारदेच्या भूमिकेत गाजलेले, म्हणजे पदर सावरून गाणं काय असतं हे धैर्यधराला आतून ठाऊक होतं. आता नाटक आठवा. श्रीमंताघरची भामिनी, वडिलांनी निवडलेला गरीब सेनापती तिला नको असतो. पुढे वनमाला होऊन ती त्याच्याजवळ राहते आणि त्याच्यावर जीव जडवते. म्हणजे नाटकातली दोन्ही माणसं मानाची भुकेली, आणि ती वठवणारे दोघे आपापल्या मंडळीचे मालक! खाडिलकरांनी दहा वर्षांपूर्वी लिहिताना हे मनातही आणलं नसेल.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावायचं आणि ते भोंग्यापुढे उभं राहून गावं लागायचं, अख्खा प्रयोग कोण कसा टिपणार? लोक हळहळतात, की ते गाणं ऐकायला मिळालं नाही. मला मात्र वेगळीच हळहळ वाटते. भामिनी गात असताना केशवराव कुठे उभे होते? बालगंधर्वांच्या एखाद्या जागेवर धैर्यधराची मान हलली, की केशवरावांची? आणि केशवरावांच्या तानेवर थिएटर उसळलं तेव्हा भामिनीनं नजर कुठे ठेवली? माझ्या मते त्या रात्रीचं मोठेपण या प्रश्नांच्या उत्तरात आहे. कारण दोघांपैकी एकानं जरी शेजारच्याचं गाणं चालू असताना पदराशी नाही तर तलवारीशी चाळा केला असता, तर प्रेक्षकांचे दोन तट पडायला क्षणही लागला नसता. तसं झालं नाही. लोक घरी गेले ते दोघांचं नाव एका दमात घेत. तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले.

आता थोडं पडद्याआडचं. पुरुषच नायक आणि पुरुषच नायिका होता तोवर पट्टीचं, म्हणजे गाण्याचा मूळ सूर किती उंच धरायचा याचं, गणित सोपं होतं. स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि ते अवघड झालं. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास, म्हणजे खालच्या पट्टीत गाणार, बाई काळी चार-पाचात, म्हणजे बरीच वर. एकाच प्रवेशात त्याचं पद, मग चार वाक्यं, मग तिचं पद. त्या चार वाक्यांत ऑर्गनवाल्यानं षड्ज, म्हणजे मूळ 'सा', बदलायचा आणि तबलजीनं एक तबला बाजूला सरकवून दुसऱ्या पट्टीत लावलेला पुढे ओढायचा. तुम्ही नीट कान दिलात तर संवाद चालू असताना खालून ऑर्गनचा एक बारीक सूर ऐकू येतो. पुढं गाणाऱ्याला त्याचा षड्ज दाखवून ठेवलेला असतो, अंधारात कंदील धरावा तसा. त्या क्षणी न गाणारा नट शेवटचं वाक्य किंचित लांबवतो, का, तर सोबतिणीला सूर सापडू दे. हे कुठल्याही संहितेत लिहिलेलं नसतं.

दोघांनी खरोखर एकत्र गायलेलं पद हवं असेल तर १९६३ सालच्या 'मंदारमाला'कडे वळावं. विद्याधर गोखल्यांचं नाटक, आणि त्यात राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची अहिरभैरवातली शंकराची आळवणी. ही जुगलबंदी मी किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. गंमत ही की संगीत दिलंय राम मराठ्यांनीच. म्हणजे चाल बांधणारा तो, गाणारा तो, आणि तरी त्या पदात दुसऱ्या गळ्याला ऐसपैस जागा. मनात आणलं असतं तर सगळी फराळाची ताटं स्वतःकडेच ओढता आली असती. पण एकजण तान टाकून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि दुसरा तिथूनच, त्याच ऊबेत, पुढे निघतो. आधीच्याचं वाक्य न खोडता आपलं जोडायचं, भांडणाऱ्या माणसांना हे जमत नाही आणि पुष्कळशा गवयांनाही नाही. त्यात चढाओढ नाही असं मी म्हणणार नाही, आहेच. पण ती झाडावर चढणाऱ्या दोन पोरांची चढाओढ आहे, एकानं फांदी दाखवायची आणि दुसऱ्यानं त्याच्याही वरची पकडायची.

आणि हेच प्रसाद सावकार चार वर्षांनी काय करताना दिसतात? ऐकताना! १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये ते सदाशिव होते. वसंतराव देशपांडे खाँसाहेब, भार्गवराम आचरेकर पंडितजी, म्हणजे नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गवई. दारव्हेकरांच्या या नाटकात सदाशिव वेश पालटून खाँसाहेबांच्या घरी राहतो आणि चोरून त्यांची गायकी कानात साठवतो. म्हणजे ऐकणं हीच त्याची भूमिका. मला विचाराल तर गाणारा नट निवडताना हा प्रवेश करून घ्यावा, गायला लावूच नये. वसंतरावांसारखा गळा दहा फुटांवर बरसतोय आणि आपण खांबाआड उभं राहून, तहानलेल्यासारखं, पण आपलं गाणं पुढे न करता ते पीत राहायचं. पुढे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आजोबांच्या भूमिकेत उभे राहिले आणि सदाशिव झाले महेश काळे, तेव्हाही माझी नजर आपली खांबाकडेच!

शिलेदार कुटुंबाचं नाव न घेता पुढे गेले तर तुम्ही मला फोन कराल. जयराम आणि जयमाला शिलेदार, मग त्यांच्या मुली कीर्ती आणि लता. आई आणि लेक एका रंगमंचावर. एका घरात रियाज झालेल्या गळ्यांना एकमेकांचा श्वास कुठे संपतो हे ठाऊक असतं, त्यावर मी वेगळं काय बोलणार? जयमालाबाई ऐकत असत तेव्हा त्या आई असत की सोबतीण, हे मात्र मला कधीच ठरवता आलं नाही.

एक प्रसंग सांगते. प्रयोग कुणाचा, ते विचारू नका. नायिका झालेल्या बाईंचा आवाज त्या दिवशी बसला होता. पहिला अंक कसाबसा निभला. दुसऱ्या अंकात तिचं मोठं पद, आणि अंतऱ्यात तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, जाऊन थांबायचं होतं. ती चढत गेली, निषादापर्यंत, म्हणजे एकच पायरी अलीकडे, पोचली आणि तिथे घसा खरखरला. नायक तिच्याकडे पाठ करून उभा होता, नाटकात तो रुसलेला. त्यानं मान वळवली नाही. नुसतं, जणू न राहवून तोंडातून निघावं तसं, तार षड्जाचा एक आकार लावला आणि धरून ठेवला. तिनं तेवढ्यात श्वास घेतला, मुखडा पकडला आणि समेवर आली. रुसलेला प्रियकर नकळत प्रेयसीच्या सुरात सूर मिसळतो! प्रेक्षकांना वाटलं, काय कल्पक दिग्दर्शक आहे, आणि त्यांनी कडकडून वन्स मोअर दिला. आता आली का पंचाईत? पुन्हा तोच अंतरा, पुन्हा तीच चढण. या वेळी तो आधीपासूनच तयार होता, निषादावरच त्यानं तिला हात दिला. मध्यंतरात ऑर्गनवाले काका चहा पिताना भेटले, तेव्हा खरी गोष्ट कळली. तालमीत यातलं काहीही नव्हतं. ते म्हणाले, "मीसुद्धा दचकलो, पण बोट सोडलं नाही."

रेडिओवर न गाणारा माणूस दिसत नाही, हे मला कळतं. पण थोडा कान टवकारला तर ऐकू येतो. या भाषणानंतर 'मंदारमाला'तली ती जुगलबंदी लावणार आहेत, असं मला इथल्या मंडळींनी सांगितलंय. पहिला आवाज तान घेत असेल तेव्हा दुसरा कुठे आहे, तेवढं शोधा. एक तान संपून दुसरी उचलली जाते ती जागा सांभाळा. मी आता माइकसमोरून उठते, नाहीतर मला बोलायच्या नादात पहिली ओळ चुकायची. नमस्कार.