सायबरमेनिया: दोनच वर्षं चाललेला एक सोहळा

नमस्कार श्रोतेहो.

फिल्मफेअरची बाहुली आपण सगळे ओळखतो. पण व्हिडिओ गेम रचणाऱ्यांचा, संगणकावर गोष्ट सांगणाऱ्यांचा सत्कार टीव्हीवर पहिल्यांदा झाला, तो ५ नोव्हेंबर १९९४ रोजी. अमेरिकेच्या टीबीएस वाहिनीवर. नाव होतं ‘सायबरमेनिया ९४’.

तेव्हा सीडी-रॉमचं फार अप्रूप होतं. फ्लॉपीत जेमतेम दीड मेगाबाइट मावायचं, सीडीत साडेसहाशे! आवाज, चित्रं, चित्रफिती, सगळं एका चकतीवर आलं आणि हॉलिवूडचेही कान टवकारले. प्रेक्षकाने नुसतं बघायचं नाही, गोष्टीची दोरी त्याच्याच हातात द्यायची, अशी ही नवी कला. तिच्यासाठी अँड्र्यू झुकर नावाच्या वकिलाने ॲकॅडमी ऑफ इंटरॲक्टिव्ह आर्ट्स अँड सायन्सेस काढली होती. सोहळा तिचाच.

सूत्रसंचालक कोण? अडुसष्ट वर्षांचे विनोदी नट लेस्ली निल्सन आणि तेरा वर्षांचा जोनाथन टेलर थॉमस, ज्याचा आवाज ‘लायन किंग’मधल्या छोट्या सिंबाला होता. दोघेही सिनेमा-टीव्हीतले. गेम करणाऱ्यांचे चेहरे कुणाला ठाऊकच नव्हते, म्हणून उसने चेहरे आणले. मला ही गोष्ट आजही टोचते.

सर्वोत्कृष्ट खेळ ठरला ‘मॉर्टल कॉम्बॅट’. हाणामारीचा खेळ. निन्टेंडो कंपनीच्या खेळयंत्रावर त्यात रक्ताऐवजी करडा घाम उडायचा. सेगाच्या यंत्रावर मात्र ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशी बटणं दाबली की लालभडक रक्त! पोरं एकमेकांना हा मंत्र सांगायची. डिसेंबर १९९३ मध्ये हे सगळं अमेरिकेच्या सिनेटपुढे गेलं, आईबाप हादरले, आणि त्यातूनच खेळांवर वयोगटाचे शिक्के मारणारी ईएसआरबी ही संस्था १९९४ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी त्याच खेळाला हा मान. मला ती मारामारी आवडत नाही, पण निवड प्रामाणिक वाटते. मुलं खरोखर तेच खेळत होती.

पुढच्या वर्षीचा सोहळा थेट इंटरनेटवरून दाखवला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिलं, ते हेच वर्ष. फोनच्या तारेवरून अडखळत येणारं चित्र बघणार किती जण? पहिल्या वर्षाच्या मानाने प्रेक्षक फारच थोडे लाभले. सायबरमेनिया तिथेच आटोपला. १९९६ मध्ये गेम कंपन्यांनी ॲकॅडमी नव्याने उभारली. १९९८ पासून तिचे वेगळे पुरस्कार सुरू झाले, आज ते डाइस पुरस्कार म्हणून ओळखले जातात.

पण एक धागा राहिलाच. त्या पहिल्या सोहळ्यात पाहुण्या तारे-तारकांच्या तोंडची वाक्यं लिहायला कॅनडातला एक पोरगा होता, जेफ किली. वय अवघं पंधरा. वीस वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, त्याने पदरचे पैसे घालून लास वेगसमध्ये स्वतःचा सोहळा उभा केला, ‘द गेम अवॉर्ड्स’. त्या पहिल्याच वर्षी खास गौरव झाला तो केन आणि रोबर्टा विल्यम्स या गेम करणाऱ्या नवराबायकोचा. रोबर्टाबाईंनी आपला पहिला खेळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून रचला होता, १९८० मध्ये.