दादानं केलेली सही

श्रोतेहो, नमस्कार.

दादाचे डोळे पिवळे दिसतायत हे आधी वहिनीच्या लक्षात आलं. सकाळच्या उन्हात खिडकीपाशी तो वर्तमानपत्र वाचत बसला होता. दुखत काहीच नव्हतं. त्याआधी तीन महिने वजन उतरत होतं, भूक मेली होती, आणि साठी उलटल्यावर अचानक मधुमेह निघाला होता. एकेक लक्षण पाहिलं तर साधंच. आम्ही ती एकेकटीच पाहत राहिलो. मग स्कॅन झाला आणि निदान हाती आलं: स्वादुपिंडाचा कॅन्सर.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पडलेली, जेमतेम वीतभर लांबीची ग्रंथी. इन्सुलिन तिथंच तयार होतं, अन्न पचवणारे रसही तिथलेच. ती इतकी आत असते की गाठ हाताला लागत नाही. ग्रंथीच्या डोक्याकडची गाठ पित्तनलिका दाबते म्हणून कावीळ तरी दिसते. शेपटीकडची गाठ पुष्कळदा तेवढीही सूचना देत नाही. म्हणून निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच शस्त्रक्रिया शक्य असते. २०२२ साली जगभरात सुमारे ५ लाख १० हजार लोकांना हा रोग झाल्याचं आढळलं, आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार माणसं त्यानं गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून मी एक अख्खी रात्र बसून काढली आहे.

दादा त्या पंधरा-वीसांमधला निघाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आल्या. नेहमीची संमतीपत्रं होती, आणि त्यांच्याखाली एक वेगळं: काढलेल्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू द्याल का? दादानं चष्मा मागितला, चारही पानं वाचली आणि विचारलं, "यातून मला काय मिळणार?" डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला बहुधा काहीच नाही." त्या खरं बोलल्या, म्हणूनच त्यानं सही केली असं मला वाटतं.

त्या सहीचा अर्थ मला पुढं केमोच्या दिवसांत कळला. एक औषध घरीही कमरेच्या पंपातून ४६ तास थेंबथेंब जात राहायचं. दुसऱ्या एका औषधामुळं गार काही सोसवेना. स्टीलचा पेला हातात घेतला तरी बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. एका रात्री तो वैतागून म्हणाला, "हे मिश्रण लागू पडतं, हे यांना कळलं कसं?" मी शोधून वाचून दाखवलं. फ्रान्स आणि कॅनडातल्या ४९३ रुग्णांनी शस्त्रक्रियेनंतर एका चाचणीत भाग घेतला होता. कुणाला जुनं एकच औषध मिळायचं आणि कुणाला हे मिश्रण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. निकाल २०१८ साली आले. जुन्या औषधाच्या गटातले निम्मे रुग्ण ३५ महिन्यांहून अधिक जगले, मिश्रणाच्या गटातले निम्मे ५४ महिन्यांहून अधिक. दादा बराच वेळ पंपाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यासाठी कुणीतरी आधीच सही करून ठेवली होती."

धीर कुठून आणायचा, असं या आजारातली माणसं विचारतात. आम्हाला तो तिथून मिळाला. आणखी एका माणसाची हकीकत सांगतो. राल्फ स्टाइनमन हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले शास्त्रज्ञ. परक्या गोष्टीची ओळख शरीराच्या फौजेला पटवून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी त्यांनी १९७३ साली जगापुढं आणल्या. २००७ साली त्यांनाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी स्वतःच्या गाठीचा नमुना आणि स्वतःच्याच पेशी वापरून केलेल्या लशी, इतर उपचारांसोबत, आपल्या अंगावर घेतल्या. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. तीनच दिवसांनी नोबेल पारितोषिक जाहीर झालं, ते गेल्याची बातमी समितीपर्यंत पोचण्याआधी. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी ते त्यांचं राहिलं. ते साडेचार वर्षं जगले. ती लशीमुळंच, असं म्हणता येणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. म्हणूनच तर पुष्कळ माणसं लागतात.

तो धागा आज पुढं गेला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत १६ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाच्या गाठीवरून बेतलेली एमआरएनए लस (एमआरएनए म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं याची पेशीला मिळणारी सूचना) दिली. आठ जणांच्या शरीरानं तिला प्रतिसाद दिला, आणि त्यांच्यात रोग उलटायला जास्त वेळ लागला. दुसरीकडं, दहातल्या नऊंहून अधिक गाठींत केआरएएस या जनुकात बिघाड असतो. त्याला औषधानं धरताच येत नाही असं कित्येक दशकं मानत होते. २०२१ साली त्याच्या एका प्रकारावरचं पहिलं औषध फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं; स्वादुपिंडासाठीच्या चाचण्या चालू आहेत. अमेरिकेत हा रोग झाल्यावर पाच वर्षं जगणारे १९७०च्या दशकात शंभरात तीनच्या आसपास होते, आता तेरा आहेत. तेरा फार थोडे आहेत, मला ठाऊक आहे. पण वरचे दहा कुणाच्या तरी घरातले आहेत.

तुमच्या घरावर ही वेळ आली, तर उपचार सुरू होण्याआधीच विचारा की आमच्या माणसाला बसेल अशी एखादी चाचणी चालू आहे का. एकदा औषध सुरू झालं की काही चाचण्यांचं दार बंद होतं. रक्ताची जनुकीय तपासणीही मागा. बीआरसीए या जनुकातल्यासारखा वारशानं येणारा दोष निघाला तर औषधं बदलू शकतात आणि भावंडांना, मुलांना वेळीच सावध होता येतं. ज्यांना पैसे देणं शक्य आहे त्यांनी संशोधनाला जरूर द्यावेत. नमुने वर्षानुवर्षं गोठवून जपायलाही पैसा लागतो, आणि त्या खर्चाकडं कुणाचं लक्ष जात नाही.

दादाच्या शस्त्रक्रियेला आता दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी रक्ताच्या दोन नळ्या जास्त भरतात, संशोधनासाठी. परिचारिका सांगायच्या आत दादा बाही वर करून बसलेला असतो.